गड चढायचाय? आधी मॅटवर आडवे व्हा!

एक गोष्ट आधीच क्लिअर करून टाकूया. अख्खा महाराष्ट्र जिला ‘वणीची देवी’ म्हणतो, ती वणीत नाहीच! वणी दिंडोरी तालुक्यात आणि सप्तशृंगी गड कळवण तालुक्यात. कुठल्याही कळवणकरासमोर हे वाक्य नुसतं म्हणून बघा, चहाचे पैसे तुम्हाला द्यावे लागणार नाहीत.

तर हा गड. नाशिकहून दिंडोरी, वणी करत कळवणच्या रस्त्याला लागलात की वाटेत नांदुरी लागतं. तिथून घाट चढून गाडी गडावरच्या गावात पोचते आणि खरी गंमत तिथून पुढे. मंदिरापर्यंत सुमारे पाचशे पायऱ्या! २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि आजी-आजोबांची, गुडघे धरलेल्या मावश्यांची मोठीच सोय झाली. पण त्या ट्रॉलीच्या रांगेत जरा निरखून बघा. ब्रँडेड शूज, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, वय वर्षं अठ्ठावीस आणि तोंडी वाक्य, ‘कमरेचा प्रॉब्लेम आहे यार, आपल्याला नाही जमणार.’

आजचा कॉलम या शेवटच्या तीन शब्दांबद्दल आहे.

फार चिवट असतं हे वाक्य. आज ते गडाच्या पायऱ्यांपुरतं असतं. उद्या ऑफिसच्या ट्रेकला ‘तुम्ही जा, मी बॅगा सांभाळते’ होतं. परवा दीड वर्षाचं पोर ‘घे’ म्हणून हात वर करतं आणि तुम्ही त्याला उचलण्याआधी स्वतःची कंबर चाचपता. शरीरावरचा भरवसा असा हप्त्याहप्त्यानं जातो. तो परतही हप्त्याहप्त्यानंच येतो. हिंजवडीतल्या क्युबिकलमध्ये बसणारे असोत, अंबड-सातपूरच्या शिफ्टमध्ये उभे राहणारे असोत किंवा कळवणमध्येच बँकेच्या काउंटरमागे, शाळेत, दवाखान्यात दिवस काढणारे असोत, सगळ्यांच्या पाठीची तक्रार सारखीच. अशा मंडळींसाठी पिलाटीज ही एक झक्कास सुरुवात आहे. एक मॅट, वीस मिनिटं आणि थोडा पेशन्स. बस्स!

आजारी पोराचा शोध

नाव ऐकून काही जण दचकतात. पिलेट्स म्हणू की पिलाटे? टेन्शन नको. हे एका माणसाचं आडनाव आहे. जोसेफ पिलाटीज. जन्म १८८३, जर्मनीतलं म्योन्शनग्लाडबाख हे गाव. लहानपणी दमा, मुडदूस आणि संधिवाताचा ताप, तिन्ही मागे लागलेले. म्हणजे ज्या पोराला खेळायला कुणी टीममध्ये घेणार नाही, अगदी तसं. त्यानं व्यायाम, जिम्नॅस्टिक्स, बॉक्सिंग असं जे सापडेल ते करून स्वतःला उभं केलं. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता. शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला छावणीत डांबलं. आधी लँकेस्टर, मग आइल ऑफ मॅन. तिथं त्यानं आपल्या व्यायामपद्धतीवर काम केलं. जखमी, आजारी बंद्यांच्या खाटांना स्प्रिंगा लावून त्यांना पडल्यापडल्या व्यायाम करायला लावला, असं सांगतात. आज चकाचक स्टुडिओत दिसणाऱ्या स्प्रिंगवाल्या रिफॉर्मर मशिनचं मूळ त्या खाटांमध्ये असल्याची ही गोष्ट आहे.

१९२६ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि जोडीदार क्लारासोबत स्टुडिओ थाटला. जॉर्ज बॅलनशाइन, मार्था ग्रॅहम यांच्यासारख्या नृत्यदिग्दर्शकांचे दुखावलेले डान्सर्स त्याच्याकडे येऊ लागले. तो स्वतः या पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’ म्हणायचा. म्हणजे शरीरावर मनाचा ताबा. १९४५ मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकात मॅटवरचे ३४ व्यायाम आहेत. मशिनचा खर्च नाही, मेंबरशिप नाही. सतरंजीची दुहेरी घडी घातली तरी काम भागतं.

आपल्याकडे हे आलं ते बॉलिवूडच्या वाटेनं. मुंबईत यास्मिन कराचीवाला, समीर आणि नम्रता पुरोहित या ट्रेनर्सनी ते रुजवलं आणि हिरॉइन्सच्या फोटोंनी ते घराघरांत पोचवलं. तिथंच थोडा घोळ झाला. फोटो बघून वाटतं, हे सडपातळ आणि श्रीमंत लोकांचं काम. मूळ गोष्ट मात्र एका दमेकरी पोराची आहे, हे विसरू नका.

‘मग आपलं योगासन काय वाईट आहे?’

हा प्रश्न येणारच. घरातून तर नक्कीच येणार! उत्तर सोपं आहे. काहीच वाईट नाही. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात सूर्यनमस्कारांचं वेड लावलं. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढून योगाला प्रयोगशाळेत नेलं. आणि पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार! त्यांचीही कहाणी ऐकण्यासारखी आहे. १९१८ चा जन्म, लहानपण मलेरिया, टायफॉइड आणि क्षयात गेलेलं. १९३७ मध्ये ते पुण्यात शिकवायला आले आणि पुढे दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड यांचा आधार घेऊन कुणालाही आसन जमेल अशी पद्धत त्यांनी उभी केली.

काही लक्षात येतंय? एक जर्मनीतला, एक आपल्या पुण्यातला. दोघंही आजारी पोरं. दोघांनीही काय केलं, तर अवघड गोष्टीला आधार लावून ती सोपी केली आणि मग आधार हळूहळू काढून घेतला. नवख्यानं शिकायचं ते हेच. गुडघे वाकवून व्यायाम केला, उशी घेतली, टॉवेल धरला, भिंतीला टेकलात तर त्यात कमीपणा नाही. पद्धतच ती आहे.

योगात आसन धरून ठेवण्यावर भर असतो, पिलाटीजमध्ये हालचालीवर. पोटाचा आणि पाठीचा खोलवरचा पट्टा कामाला लावायचा आणि तो सुटू न देता हात-पाय हलवायचे, हा सगळा फंडा. ज्याला जे रुचेल ते त्यानं करावं. दोन्ही केलंत तर सोन्याहून पिवळं.

साप, बँड्युरा आणि तुमचा कॉन्फिडन्स

आता मुद्द्याचं. कॉन्फिडन्स येतो कुठून? आरशासमोर उभं राहून ‘मी करू शकतो’ म्हटल्यानं? अल्बर्ट बँड्युरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं यावर आयुष्य घालवलं. सापाला प्रचंड घाबरणारी माणसं घेऊन त्यानं प्रयोग केले. आधी दुसऱ्यानं साप हाताळताना बघायचं, मग जरा जवळ जायचं, मग हातमोजा घालून स्पर्श, मग मोकळ्या हातानं. प्रत्येक टप्पा पार झाला की पुढचा. १९७७ मध्ये त्यानं आपला सिद्धान्त मांडला, ‘हे मला जमेल’ हा विश्वास चार ठिकाणांहून येतो.

पहिलं आणि सगळ्यात दणकट, स्वतः करून दाखवलेली छोटी गोष्ट. दुसरं, आपल्यासारख्याच माणसाला ती करताना बघणं. तिसरं, भरवशाच्या माणसाचा ‘जमतंय की!’ हा शब्द. आणि चौथं, शरीराच्या खुणांचा अर्थ नीट लावता येणं. धडधड म्हणजे संकट की नुसती मेहनत, हे ओळखणं.

आता नवखे लोक काय करतात बघा. पहिल्याच दिवशी मोबाइलवर सर्वांत अवघड व्हिडिओ लावतात (पहिला मुद्दा बाद). त्यातली बाई रबराची बनल्यासारखी (दुसरा बाद). घरातला कुणीतरी दारातून बघून खुदकन हसतो (तिसरा बाद). दुसऱ्या दिवशी पोट दुखतं तेव्हा ‘काहीतरी तुटलं’ वाटतं (चौथाही बाद). चार दिवसांत मॅट कपाटावर! यात तुमची जिद्द कमी पडली नाही. क्रम चुकला, एवढंच.

क्रम बरोबर लावूया. व्यायाम इतका सोपा निवडा की तो जमणारच. नमुना म्हणून जवळची मैत्रीण किंवा शेजारचा मित्र घ्या, हिरॉइन नको. दोघांनी मिळून सुरू केलंत तर तिसऱ्या मुद्द्याचीही सोय होते. आणि चौथ्यासाठी हे लक्षात ठेवा. नवा व्यायाम केल्यावर स्नायू ठणकतात, हा ठणका एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि मग आपोआप ओसरतो. तो नॉर्मल आहे. पण टोचल्यासारखी कळ, कमरेतून पायात विजेसारखी जाणारी सणक, मुंग्या, बधिरपणा दिसला की ताबडतोब थांबा आणि डॉक्टर गाठा. पाय लुळे वाटले किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर सकाळची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल.

सुरू करण्याआधी आणखी एक चाळणी. गरोदरपण, नुकतीच झालेली डिलिव्हरी किंवा ऑपरेशन, हर्निया, ताब्यात नसलेलं ब्लडप्रेशर, हृदयविकार, स्लिप डिस्क, हाडं ठिसूळ झालेली असणं, यापैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ठिसूळ हाडांच्या आईला आपल्यासोबत उठवून पुढे वाकण्याचे व्यायाम मुळीच करायला लावू नका.

आषाढी ते घटस्थापना

टार्गेट हवंच ना? हे घ्या. आषाढी एकादशीला सुरुवात करा आणि घटस्थापनेला गड चढा. मधे साधारण अकरा आठवडे मिळतात. (अधिक महिना मध्ये आला तर बोनस!) पावसात मॉर्निंग वॉकचे वांधे होतात, म्हणून मॅटला हा सीझन उत्तमच. आठवड्यातून तीन दिवस, रोज वीस मिनिटं. रविवारची मिसळ खाऊन लगेच मॅटवर आडवं व्हायचं नाही, दोन तास जाऊ द्या.

पहिले तीन आठवडे : ओळख

पाठीवर झोपा, गुडघे वाकलेले, पावलं जमिनीवर. दोन्ही हात बरगड्यांच्या बाजूला ठेवा. नाकानं श्वास घ्या आणि बरगड्या आडव्या फुलू द्या, जणू पेटीचा भाता. तोंडानं सोडताना बरगड्या मिटू द्या आणि बेंबीखालचं पोट हलकेच आत घ्या. टाइट जीन्सची चेन लावताना घेतो तेवढंच. सगळी ताकद लावायची नाही. असे दहा श्वास.

मग कल्पना करा, बेंबीखाली वरणानं भरलेली वाटी ठेवलीय. कंबर जमिनीला टेकवली की वरण पोटाकडे सांडतं, कंबर उचलली की पायांकडे. दोन्हीकडे आठ-दहा वेळा हळू झुला आणि मधली जागा शोधा, जिथं वाटी सपाट राहते. पिलाटीजमधली अर्धी लढाई ही जागा ओळखण्याची आहे. आता वाटी न हलवता एक पाय उचला, गुडघा काटकोनात आणा, परत ठेवा. मग दुसरा. प्रत्येकी सहा. सोपं वाटतंय? बऱ्याच जणांची वाटी पहिल्या आठवड्यात सांडते!

शेवटी पूल. श्वास सोडत माकडहाडापासून एकेक मणका सोलून काढल्यासारखा जमिनीवरून उचला, खांद्यांपर्यंत. श्वास घ्या, सोडत सोडत परत एकेक मणका खाली. सहा वेळा. आणि हात-गुडघ्यांवर येऊन आपलं नेहमीचं मार्जारासन. झालं.

पुढचे चार आठवडे : शंभरी

पिलाटीजचा सगळ्यात फेमस व्यायाम म्हणजे ‘हंड्रेड’. आपल्याकडे ‘शंभरी भरली’ म्हणजे शिशुपालाची आठवण येते, पण इथली शंभरी शुभ आहे. हात शरीराच्या बाजूला लांब, ते छोटे छोटे वर-खाली हलवायचे. पाच वेळा हलवताना श्वास आत, पाच वेळा बाहेर. असे दहा श्वास म्हणजे शंभर.

याच एका व्यायामात प्रगतीचा अख्खा जिना आहे. पहिली पायरी, डोकं आणि पावलं जमिनीवर, फक्त हात आणि श्वास. दुसरी, एक पाय काटकोनात वर. तिसरी, दोन्ही पाय. चौथी, डोकं आणि खांद्याची पाती उचललेली. पाचवी, पाय सरळ, तिरके. चार आठवड्यांत दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीवर पोचलात तरी उत्तम. पोट फुगून वर आलं, कंबर कमान झाली किंवा मान आखडली की समजा, ही पायरी अजून तुमची नाही. एक खाली उतरा. चौथीवर थरथरण्यापेक्षा दुसरीवर स्वच्छ केलेला व्यायाम जास्त काम करतो.

याच टप्प्यात कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलण्याचा व्यायाम घाला. दोन्ही बाजूंना दहा-दहा. यानं कुल्ह्याच्या बाजूचे स्नायू तयार होतात. पायरी चढताना आपण दर वेळी क्षणभर एका पायावर असतो आणि त्या क्षणी कंबर एका बाजूला झुकू न देण्याचं काम हेच स्नायू करतात. हे ढिले असले की भार गुडघ्यावर आणि कमरेवर येतो. शिवाय हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय एकाच वेळी लांब करायचा, मग उलट. पाठीवर पाण्याचा पेला ठेवलाय असं समजा.

शेवटचे चार आठवडे : हिंमत

आता बसून, पायांना टॉवेल अडकवून, पाठ गोल करत अर्ध्यापर्यंत मागे जा आणि परत या. हाच पुढे ‘रोल-अप’ होतो. गुडघे टेकवून प्लँक, वीस सेकंदांचे तीन राउंड. एका पायाचा पूल. पालथं पडून पोहल्यासारखे हात-पाय. सगळं नाही जमलं तर दोनच घ्या, पण नीट.

आणि एक सत्य सांगायलाच हवं. मॅटवर झोपून दम वाढत नाही! पिलाटीजनं ताबा येतो, पोट-पाठीची ताकद येते, पण हृदय-फुप्फुसांची तयारी चालण्यानंच होणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी हेच सांगतात, मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. म्हणून मॅट नसेल त्या दिवशी भरभर चाला आणि या शेवटच्या महिन्यात ऑफिसची लिफ्ट विसरा. चढताना अख्खं पाऊल पायरीवर, टाचेनं जोर, श्वास सोडत वर. उतरणं हलक्यात घेऊ नका. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात त्या बहुतेक वेळा उतरण्यामुळे! चार मजले चढायची प्रॅक्टिस करत असाल तर उतरायचीही करा.

काटा नको, वही हवी

प्रगती मोजायची कशी? वजनकाट्यावर तर मुळीच नको. पिलाटीज हे वजन झरझर कमी करायचं औषध नाही, कुणी तसा दावा केला तर हसून पुढे चला. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती मेंदू आणि स्नायूंचं जुळायला लागल्यामुळे. स्नायू आकारानं वाढायला वेळ लागतो. म्हणून आरशात काहीच दिसत नसताना आत बरंच काही घडत असतं आणि नेमके तेव्हाच लोक सोडून देतात.

एक छोटी वही ठेवा. दर रविवारी चार गोष्टी लिहा. एका पायावर किती सेकंद उभं राहता आलं? वाटी न सांडता किती वेळा पाय उचलला? शंभरीची कितवी पायरी? आणि न थांबता किती पायऱ्या चढलो? महिन्यानं पहिलं पान उघडून बघा. बँड्युराचा पहिला मुद्दा तुमच्याच अक्षरात लिहिलेला असेल.

पाठदुखीचं काय? २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं दहा चाचण्या आणि ५१० रुग्णांचा आढावा घेतला. निष्कर्ष असा की कंबरदुखीत काहीच न करण्यापेक्षा किंवा नाममात्र उपचारांपेक्षा पिलाटीजनं दुखणं कमी व्हायला मदत होते, मात्र पुरावा फार भक्कम नाही आणि इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असंही ठामपणे म्हणता येत नाही. म्हणजे जादू नाही, पण उपयोग आहे. जो व्यायाम तुम्ही टिकवाल, तो तुमच्यासाठी सगळ्यात भारी.

खाडा झाला तर?

होणारच! गणपती येणार, गौरी येणार, क्वार्टर एण्ड येणार. कळवणसारख्या गावात घरचा कांदा विक्रीला काढायचा असेल तर दोन दिवस चाळीतच वाकून जाणार. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर सवयींचा अभ्यास केला. तो २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४! आणि मधे एखादा दिवस चुकल्यानं फारसं काही बिघडलं नाही. तेव्हा सोमवार बुडाला म्हणून पुढच्या सोमवारची वाट बघत बसू नका. मंगळवारी दहा श्वास घ्या, एक पूल करा, तरी साखळी जोडलेली राहते.

मुलींसाठी आणि सुनांसाठी एक खास अडचण असते, ती फिटनेसच्या पुस्तकांत सापडत नाही. छोटं घर, दाराला पडदा, समोर सासरे पेपर वाचतायत. तिथं पाठीवर झोपून पाय वर करायचे? यावर उपाय आहेत. मॅट-पँट्स लागतच नाहीत, पंजाबी ड्रेस चालतो. पहाटेची वीस मिनिटं किंवा दुपारची सामसूम पकडा. श्वास आणि एका पायावर उभं राहणं तर गॅसपाशी कुकरच्या शिट्ट्या मोजतानाही जमतं. आणि सगळ्यात पॉवरफुल आयडिया म्हणजे सासूबाईंनाच पार्टनर करा. त्यांच्या तब्येतीला चालतं का ते विचारून, खुर्चीत बसून श्वासाचा व्यायाम. पाठ त्यांचीही दुखतेच की! वर्षानुवर्षं वाकून केर काढला त्यांनी, त्यांच्या कमरेची चौकशी आजवर कुणी केलीय?

क्लास लावताना

स्टुडिओ जवळ असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर जरूर जा. सुरुवातीच्या चार-पाच तासांत जाणकारानं हात लावून दाखवलेली ‘वाटी’ पुढचे सहा महिने कामाला येते. पण एक लक्षात ठेवा. २००० मध्ये अमेरिकेतल्या कोर्टानं ‘पिलाटीज’ हा शब्द कुणा एकाचा ट्रेडमार्क नाही, ते व्यायामप्रकाराचं नाव आहे, असा निकाल दिला. कराटे किंवा योग या शब्दांवर कुणाची मालकी नाही, तसंच. त्यामुळे पाटी बघून भुलू नका. कुठं शिकलात, किती तासांचं ट्रेनिंग, बॅचमध्ये किती जण, मला कंबरदुखी आहे तर कोणते व्यायाम बदलाल, हे चार प्रश्न विचारा. चौथ्या प्रश्नावर जो ‘काही होत नाही, सगळ्यांना एकच’ म्हणेल, त्याला नमस्कार करून बाहेर पडा.

स्टुडिओ जवळ नसेल तरी अडत नाही. नवख्यांसाठीचा एकच व्हिडिओ निवडा आणि तीन आठवडे त्याच्याशी एकनिष्ठ राहा. रोज नवा व्हिडिओ म्हणजे रोज पहिला दिवस.

आणि मग गड

चैत्रात खान्देशातून, पार जळगाव-धुळ्याकडून माणसं भर उन्हात पायी गडावर येतात. त्यांची चाल कधी बघितलीत? कुणी धावत नाही. सावली दिसली की टेकतात, पाणी पितात, पुन्हा निघतात. दरेगावच्या गवळी घराण्याकडे शिखरावर कीर्तिध्वज लावायचा मान आहे. तो सुळका नुसता खालून बघितला तरी मान दुखते. तिथं एका दिवसाच्या जोशात कुणी पोचत नाही.

तेव्हा गडावर गेलात की पाचशेचा आकडा डोक्यातून काढा. पन्नास पायऱ्या, मग दहा सावकाश श्वास, बरगड्या आडव्या फुलवत. पुन्हा पन्नास. धडधडलं तर ती मेहनत आहे हे आता तुम्हाला ठाऊक आहे. छातीत दुखलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, चक्कर आली तर मात्र बसा आणि मदत मागा, तिथं हट्ट नको. आणि तीनशेव्या पायरीवर वाटलं, आज इतकंच, तर परत फिरा आणि वहीत ‘३००’ लिहा. चैत्रोत्सव सहा महिन्यांवर असतोच. आई मागे लागली असेल की सोबत चल, तर तिला ट्रॉलीत बसवा आणि सांगा, ‘वर भेटू.’

या आठवड्याचा होमवर्क : आज रात्री झोपण्याआधी गादीवर नको, जमिनीवर पडा. गुडघे वाकवा. बेंबीखाली वरणाची वाटी. दहा श्वास. बास, आजचं झालं. वहीच्या पहिल्या पानावर तारीख टाका!